तेल पाजलेला दोर

सोमवार, २ जून. नाशिक

सकाळी सहाला गच्चीवर सतरंजी टाकून दोर तपासायला बसले. पंचेचाळीस मीटरचा दोर. हातभर पुढे सरकायचं, चिमटीत वाकवायचा, पुढे सरकायचं. कुठे मऊ लागला, कुठे चपटा झाला, कुठे धागा उसवलेला दिसला, तर तो दोर संपला. पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ मी फोन घेत नाही. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालायला आल्या आणि म्हणाल्या, पुन्हा निघालात का झाडावर? पन्नाशी उलटलेली बाई कुठे निघाली हे लोक ज्या सुरात विचारतात, तो सूर मला पाठ आहे. हो म्हटलं आणि पुढचा हात सरकवला.

धोकादायक झाडांच्या फांद्या दोरावर चढून काढणं हा माझा धंदा. आधी पंधरा वर्षं रोपवाटिकेत नोकरी केली, मग कडे चढणाऱ्या मंडळींकडून दोर शिकले आणि दोन्ही एकत्र केलं. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे काम पाहिलेलं नसणार, म्हणून दोन गोष्टी आधीच सांगते.

पहिली गोष्ट आधार. शिशाचे छर्रे भरलेली मुठीएवढी पिशवी बारीक दोरीला बांधून खालून उंच बेचक्यावरून पलीकडे फेकायची, आणि तिच्यामागून मुख्य दोर ओढून घ्यायचा. ते बेचकं जिवंत हवं, निदान दंडाएवढं जाड हवं, आणि खाली दोन माणसं लोंबकळली तरी कुरकुरता कामा नये. दुसरी गोष्ट धरगाठ. पुस्तकांत तिची नावं वेगवेगळी आहेत, मी धरगाठ म्हणते. मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे पाच-सहा वेढे घेऊन ती मारायची आणि कंबरेच्या पट्ट्याला अडकवायची. वजन आलं की ती दोराला चावून बसते, वजन काढून हाताने ढकलली की सरकते. झाडावर माणूस हाताच्या जोरावर राहत नाही, या गाठीच्या चाव्यावर राहतो. म्हणून रोज पहिल्यांदा जमिनीपासून वीतभर उंचीवर लटकून ती तपासायची. हे मी आजवर एकदाही चुकवलेलं नाही.

या खेपेला तीन कामं होती. पाचगणी, कोयनानगर, आणि तिसरं वाळवा तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना अजून एकमेकांबरोबर राहायचं आहे. ते काम एका बाईंच्या फोनवरून आलं. बाई निवृत्त अंगणवाडी सेविका, सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. शाळेशेजारी खोबऱ्या नावाच्या रायवळ आंब्याचं जुनं झाड आहे, त्याची एक मोठी फांदी वाळून शाळेच्या कौलांवर आली आहे. नुसती फांदी काढायला कुणी मिळेना, तेव्हा झाडच काढून टाकायचं ठरलं.

"मी ग्रामसभेत हुबं ऱ्हाऊन शुक्रवार दुपारी बारापतुर मुदत मागून घेतलीया," आक्का फोनवर म्हणाल्या. "तुमी येणार असला तर या. न्हाईतर न्हाई म्हना, म्हंजी मी गप बसती."

येते म्हटलं.

मंगळवार. पाचगणी

कालच साताऱ्याला येऊन राहिले होते, पहाटे तिथल्या स्टँडवर तानाजी गाडीत बसला. माझ्या खालची बाजू तो सांभाळतो, म्हणजे मी वर कापलेली फांदी दोराने सावकाश जमिनीवर उतरवायची. माणदेशातला, धनगराच्या घरातला माणूस. पंचविशीपर्यंत मेंढरांमागे हिंडला, आता थोडी शेती आहे आणि उरलेल्या वेळात माझ्याबरोबर असतो. कोकरांसाठी बाभळीचा पाला तोडताना कुठली डहाळी पाय धरेल आणि कुठली दगा देईल हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. खोडावर कोयत्याची पाठ आपटून तो कान लावतो. मी यंत्रं पाहिली आहेत, पण तानाजीचा कान अजून बदललेला नाही.

पाचगणीत एका निवासी शाळेच्या आवारातले सिल्व्हर ओक होते. सरळसोट झाड, पण लाकूड ठिसूळ, वारा आला की शेंडा मोडतो. व्यवस्थापकांनी गाडीत डोकावून विचारलं, सर कुठे आहेत? म्हटलं, सर येत नाहीत, आम्हीच येतो. त्यांच्या फाटकावरच्या वहीत नावाच्या रकान्याआधी 'श्री.' छापलेलं होतं. मी ते खोडलं. पहारेकऱ्याने वही परत घेऊन ते खोडलेलं दोनदा वाचलं.

काम जेवायच्या आत संपलं. फक्त शिशाची पिशवी एका फांदीत अडकून अर्धा तास गेला, आणि तो अर्धा तास व्यवस्थापकांनी सावलीत उभं राहून मनापासून पाहिला. चढलेलं मात्र त्यांनी पाहिलं नाही, तेव्हा त्यांना फोन आला होता. मक्याचे पॅटिस खाल्ले, घाट उतरलो.

बुधवार. कोयनानगर

पाटणच्या पुढे रस्ता वळत राहतो, धुकं खाली उतरतं आणि बारीक पाऊस कधी सुरू झाला ते कळत नाही. गाडीच्या मागच्या दाराचं रबर गेलेलं होतं. तिथून पाणी आत आलं आणि दोराची पिशवी भिजली. दोर फारसा भिजला नाही, पण दमट झाला. ही माझी चूक. रबर बदलायचं मी दोन महिने पुढे ढकलत होते. हे आत्ता लिहून ठेवते, कारण पुढे ज्याला बोल लावावासा वाटेल त्याच्या आधी माझा नंबर आहे.

वसाहतीत एक प्रचंड शिरीष होता. तिथल्या साहेबांना त्याचा वरचा डोलारा कमी करून हवा होता. तानाजीने खोडाला चार बाजूंनी कोयत्याची पाठ लावली.

"ताई, ढोल हाय ह्यो," तो म्हणाला. "भाईर नुसती साल हुबी हाय."

मी दुर्बिणीने वरची बेचकी पाहिली. जिथे दोर टाकावा असं एकही नव्हतं. साहेबांना सांगितलं, हे झाड मी चढत नाही, दुसरं कुणी चढवूही नका, मोठी शिडीची गाडी मागवा. ते म्हणाले, एवढ्या लांबून येऊन नाही म्हणता? म्हटलं, हो, पडून सांगण्यापेक्षा उभ्याने सांगितलेलं बरं. त्यांचा चेहरा उतरला. त्याला माझा इलाज नव्हता.

चहा जिथे घेतला तिथल्या मावशींनी बरण्या फळीच्या कडेपासून आत सरकवून पुढे दोरी बांधली होती. जमीन हलते म्हणून. नाशिकला आम्ही भिंतीला पोपडे आले की चिंता करतो, इथे बायका जमीन हलणार हे धरून फळी लावतात. मी विचारलं, हललं की काय करता? त्या म्हणाल्या, "घरात थांबू ने आन् झाडाखाली जाऊ ने. मंग मधी हुबं ऱ्हायचं आन् च्या सांडला का बघायचं."

गुरुवार. वाळवा तालुका

कराड सोडलं की रस्ता सरळ होतो आणि दोन्ही बाजूंना ऊस लागतो. कारखान्याचं धुराडं बंद होतं, गाळप संपून गेलेलं. इस्लामपुरात आख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. आमच्याकडे मसूर म्हणजे आजाऱ्याचं वरण, इकडे त्याच्यासाठी लोक वाट वाकडी करून येतात. तानाजीने दोन वाट्या मागून घेतल्या आणि वर सांगितलं, तुमच्या नाशिकची मिसळ ह्याच्या म्होरं कायबी न्हाई. मी भांडले नाही. तोंड भरलेलं होतं.

चारला गावात पोचलो. आक्का शाळेपाशीच उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, पदर खोचलेला. त्यांचे यजमान आबा, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मागे हात बांधून ताठ उभे. आणि समोर झाड.

खोबऱ्या आंबा चांगला होता. हे मी आधी सांगते, कारण सगळं त्यावर ठरतं. खोड दोघांच्या कवेत न मावणारं, साल निरोगी, तानाजीचा कोयता चारी बाजूंनी भरीव बोलला. यंदा धरलाही भरपूर होता, वरच्या फांद्यांना अजून आंबे लोंबत होते. वाळलेली होती ती फक्त पूर्वेकडची एक फांदी, माझ्या कमरेएवढी जाड, थेट शाळेच्या कौलांवर. सोळा तारखेला शाळा उघडणार होती.

गर्दी जमली. तिच्यात पोपटराव होते. ते पंचायतीत आहेत आणि त्यांचा जेसीबी आहे. शुक्रवारी बारानंतर झाड काढायचं काम त्यांच्याकडेच होतं. माणूस वाईट नाही, मोठ्या आवाजाचा आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तानाजीला विचारलं, "तुमी चढणार का?"

तानाजी म्हणाला, "मी खालचा. ताई वरच्या."

मग ते निघालंच. आंब्यावर बाई चढली की आंबा धरत नाही, असं इकडे म्हणतात. आमच्याकडे हे लिंबाच्या झाडाबद्दल ऐकलं होतं. पोपटरावांनी ते हसत सांगितलं, पण नळापाशी उभ्या असलेल्या बायका हसत नव्हत्या. त्यांच्यातली एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "आवं, आमच्या गल्लीचं लोनचं ह्याच्यावर हाय. बाई चढली म्हंजी झाड वांझ झालं."

मी पोपटरावांकडे वळले. "उद्या बारा वाजता तुम्ही हे मुळासकट काढलंत, तर पुढच्या साली याला किती आंबे धरतील?"

तानाजी दुसरीकडे बघून खोकला.

पिशवी तिसऱ्या फेकीत उंच बेचक्यावरून पार झाली. बारीक दोरी तशीच रात्रभर सोडली, मुख्य दोर सकाळी ओढायचा ठरवलं. आमचा मुक्काम आक्कांकडेच होता. दोर दमट होता, म्हणून पिशवीतून काढून वेटोळं केलं आणि वाऱ्याला ठेवावं म्हणून पडवीतल्या खुंटीवर टांगलं. तिथे ओळीने आबांच्या बैलांचे कासरे, म्होरक्या, दावी टांगलेली होती. रिकामी खुंटी पाहून मला बरं वाटलं. आंघोळ केली, ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत जेवले आणि आठला झोपले. कामाच्या आदल्या दिवशी मी गप्पा मारत नाही.

शुक्रवार

साडेसहाला दोर खांद्यावर टाकून झाडापाशी गेले. हाताला काहीतरी चिकट लागलं, पण घाई होती आणि सगळं गाव बघत होतं. दोर ओढून घेतला, धरगाठ मारली, पट्ट्याला अडकवली, पाय उचलले.

गाठ चावली नाही. मी सरळ मातीत बसले.

लोक हसले. हसणारच. पोपटराव म्हणाले, "मॅडम, जमिनीवरनं पडायची ही कला भारी हाय." मी उठले, वास घेतला. करंजाचं तेल.

आबा पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध अजिबात नव्हता, उलट काम नीट केल्याचं समाधान होतं. बेंदूर, म्हणजे इकडचा बैलपोळा, आठवड्यावर आला होता. बेंदराआधी घरातल्या सगळ्या दोरांना तेल पाजायचं ही त्यांची रीत. नाडा, कासरा, दावं, जे खुंटीवर असेल ते.

"तेल न पाजलेला दोर आमच्या खुंटीवर बेंदराला ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "तुमचा तर पावन्याचा. त्याला आदी पाजलं. घरच्या करंजाचं हाय, इकतचं न्हाई."

आक्कांनी कपाळाला हात लावला. चिडून दोर कोरडा होत नाही. त्यांना फक्त सांगितलं की, आबा, बैलाचा दोर मऊ पडावा लागतो, माझा खडबडीत राहावा लागतो. तेलाने तो तुटत नाही, पण गाठ त्याला धरत नाही, आणि गाठीने धरलं नाही तर मी खाली येते.

हे ऐकल्यावर आबांचे मागे बांधलेले हात सुटले आणि तसेच लोंबकळत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाटली सरली हुती. म्हनून अर्धाच झाला. ऱ्हायलेला आज करनार हुतो."

अर्धाच झाला. त्या सकाळी माझ्या कानावर पडलेलं सगळ्यात उपयोगी वाक्य ते होतं.

तानाजी म्हणाला, राख चोळू. नाही म्हटलं. राखेत कच असते, ती दोराच्या पोटात शिरून धागे कापते. साबणाने धुतला तर सावलीत वाळायला दिवस जातो. जड फांद्या उतरवायचा दुसरा दोर गाडीत होता, पण तो झटके खाऊन थकलेला असतो, त्यावर माणूस टांगत नाहीत. सव्वासात झाले होते. पोपटराव हात मागे घेऊन वाट पाहत होते, खरं तर सभ्यपणे.

नाही म्हणायला मला लाज वाटत नाही, दोनच दिवसांपूर्वी कोयनेला म्हटलं होतं. पण तिथे झाड पोकळ होतं. इथे झाड भरीव होतं, बेचकी भरीव होती. वाईट होता तो अर्धा दोर. अर्ध्या दोरासाठी अख्खं झाड द्यायला मी तयार नव्हते.

पांढरं फडकं घेतलं आणि कोऱ्या टोकाकडून दोर पुसत आले. जिथे फडक्याला पहिला डाग पडला त्याच्या दोन हात अलीकडे लाल धागा बांधला. धाग्याच्या अलीकडचा वीस मीटर दोर स्वच्छ होता, पलीकडचा सगळा तेलकट. मग बांधणीच बदलली. रोज मी दोराच्या दोन्ही पदरांवर चढते. आज तेलकट भाग बेचक्याच्या पलीकडून खाली आणून खोडाच्या बुडाशी बांधायचा आणि स्वच्छ भाग माझ्या बाजूला एकेरी सोडायचा. धरगाठीला चावायला कोरडा दोर लागतो, साध्या गाठीला तेवढा लागत नाही. आबांचं तेल खोडाच्या वाट्याला, कोरडा दोर माझ्या.

याला दोन तोटे आहेत. एक म्हणजे अशा बांधणीत बेचक्यावर माझ्या वजनाच्या दुप्पट भार येतो. म्हणून कालचं बेचकं सोडलं आणि त्याच्या खालचं, मांडीएवढं जाड असलेलं धरलं. पुन्हा पिशवी फेकली, या वेळी पहिल्या फेकीत गेली. बुडाशी खोडाला चार वेढे दिले, गाठ मारून कडीने अडकवली, दोराचं उरलेलं शेपूट पुन्हा बांधलं. मग मी, तानाजी आणि गावातले दोन तगडे गडी स्वच्छ बाजूला लोंबकळलो. बुडाचे वेढे दोन बोटं सरकले. आणखी तीन वेढे दिले. पुन्हा लोंबकळलो. वेढे केसभरही हलले नाहीत.

दुसरा तोटा असा की माझा जीव आता खाली, कुणाच्याही हाताला येईल अशा गाठीत होता. या भागात मोकळ्या दोराला लोक सहज जनावर बांधतात किंवा वाटेत आहे म्हणून सोडून ठेवतात, वाईट हेतूने नाही. मी आबांना बोलावलं.

"या गाठीला कुणी हात लावायचा नाही. सरपंच आले तरी नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"म्हंजी संतरीची ड्यूटी," आबा म्हणाले. घरून घोंगडी मागवली, बुडाशी अंथरली आणि गाठीला पाठ लावून बसले.

मी पुन्हा वीतभर उंचीवर लटकले. गाठ चावली. खालून कुणी हसलं नाही. पावणेनऊला वर निघाले.

बेचक्यापाशी पोचल्यावर लाल धागा हाताशी आला आणि त्याच्या पलीकडे दोर काळपट, तकतकीत खाली गेलेला दिसला. तिथून ऊस एका सपाट हिरव्या पत्र्यासारखा दिसतो, मधे बंद धुराडं, लांब कृष्णेकडची झाडांची रेघ. एवढं पाहिलं आणि कामाला लागले. कापताना कमरेची दुसरी, आखूड दोरी फांदीभोवती घालते. करवत चुकून एक दोर कापेल, दोन्ही कापणार नाही. प्रत्येक तुकडा आधी उतरवायच्या दोराला बांधायचा, मग करवत. तानाजीने तो दोर शेजारच्या कडुनिंबाला वेढून धरला होता आणि एकेक ओंडका तो तान्हं मूल ठेवावं तसा खाली ठेवत होता. चौथा तुकडा झुलला आणि एक कौल फुटलं.

"कौल फुटलं बघा," खालून पोपटरावांचा आवाज.

"झाड पाडलं असतंस तर वर्ग फुटला असता," आक्का म्हणाल्या. "गप ऱ्हा."

अकराला जेसीबी आला. इंजिन बंद न करता चालकाने तो झाडाच्या सावलीत आणायचा प्रयत्न केला. मी फांदीवर बसून खाली पाहत होते. माझ्या हातात करवत होती आणि त्या क्षणी करण्यासारखं काहीच नव्हतं. चालक आबांना उठायला सांगत होता. आबा उठले नाहीत. पोपटराव स्वतः आले.

"आबा, जरा सरका की. नुसता दोर हाय त्यो."

"दोर न्हाई," आबा म्हणाले. "ह्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस हाय. तिच्या तोंडनं हुकूम आल्याबिगर मी हालत न्हाई. घाल अंगावर."

पोपटरावांनी वर पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी हात वर करून चालकाला थांबवलं आणि इंजिन बंद करायला लावलं. म्हटलं ना, माणूस वाईट नाही.

बाराला वीस मिनिटं कमी असताना शेवटचा ओंडका जमिनीवर टेकला. झाडाच्या जखमेचा काठ साफ केला आणि उतरले. आबांना म्हटलं, ड्यूटी संपली. ते उठले तेव्हा गुडघे धरले होते, तरी आधी गाठीकडे बघून घेतलं.

झाड राहिलं. पण गोष्ट तिथे संपत नव्हती. काम चालू असताना बरेच आंबे खाली पडले होते. एरवी पडलेला आंबा गल्लीत पाच मिनिटं राहत नाही, असं आक्काच म्हणाल्या होत्या. त्या दुपारी एकाही बाईने आंबा उचलला नाही. ती म्हातारी आक्कांच्या अंगणाबाहेर उभी राहून सावकाश, न भांडता म्हणाली, "झाड ऱ्हायलं, बरं झालं. पर पुढल्या साली न्हाई धरलं, तर कुनी बाई चढवली ते गाव इसरनार न्हाई."

आणि पुढल्या साली ते कमी धरणारच. रायवळ आंबा एका वर्षी भरून येतो आणि दुसऱ्या वर्षी दम खातो, हे मी रोपवाटिकेत शिकले, आणि ही म्हातारी माझ्यापेक्षा जास्त जाणते. मी ते चारचौघांत बोलून दाखवलं. मोजायचं तर एक साल सोडून मोजा, म्हटलं. बायकांनी ऐकलं आणि त्या आपापल्या घरी गेल्या. संध्याकाळी भाकरी थापताना आक्का एवढंच म्हणाल्या, "तुमी नाशिकला जाल. बोलनं माज्या दारात येनार." तक्रार नव्हती. पीठ संपत आलंय म्हणावं तसं म्हणाल्या.

आबांनी विचारलं, त्या तेलकट दोराचं आता काय करणार. म्हटलं, अर्धा तुमचा, उद्या कापून देते. पण आज रात्री कुठल्याच दोराला तेल लावायचं नाही.

शनिवार

सकाळी साडेसहाला सगळ्या बायका नळावर असतात. मी बरोबर तीच वेळ धरली. झाडापाशी गेले, पुन्हा तीच बांधणी केली, तेलकट भाग खोडाला, कोरडा मला. आबा न सांगता घोंगडी घेऊन आले आणि गाठीशी बसले. मी वीतभर उंचीवर लटकून पाहिलं, आणि नळाकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की काल मला आक्कांनी बोलावलं होतं, म्हणून चढले. आज मला कुणी बोलावलेलं नाही. आज काहीच काम नाही. बोल लावायचा तर तो नाशिकच्या बाईला लावा, माझा नंबर शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवलाय.

मग चढले. कालच्या बेचक्याच्या वर, जिथले आंबे कित्येक वर्षं कुणाच्या हाताला आले नव्हते, तिथपर्यंत आखूड दोरी फांदीफांदीला अडकवत गेले. पाटी भरून तानाजीकडे सोडली, दुसरीही भरली. आक्कांनी सगळ्यांसमोर एक घेतला, पदराला पुसला, चावला. म्हातारी कळशी तशीच भरत ठेवून जवळ आली. कळशी भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"गोड हाय का?" तिने विचारलं.

"आंबट हाय," आक्का म्हणाल्या. "लोनच्याचा हाय."

म्हातारीने पाटीतला एक उचलून देठाशी दाबून पाहिला, परत ठेवला, दुसरा उचलला. तो परत ठेवला नाही.

मी उतरले, लाल धाग्यावर दोर कापला, तेलकट भाग आबांच्या हातात दिला आणि गाडी काढली. इस्लामपुरात पहिल्या गॅरेजला थांबून मागच्या दाराचं रबर बदलून घेतलं.